सहीच्या वरची ओळ

कोंडीबा गडदेला कारखान्यात लावलं ते रेश्मानं. तो तिच्या आजोळचा, जत तालुक्यातल्या माळावरच्या एका गावचा, म्हणून मामा. मेंढरं विकल्यावर तो सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उचलायला आला आणि तिसऱ्या वर्षी पाठीतून गेला. तेव्हा रेश्माच्या वडिलांनी, आकाराम सरगरांनी, तिला फोन केला.

"पोरी, कोंडीबाचं कायतरी बघ. वझं उचलायचं सोडून काय बी सांग, करंल त्यो."

रेश्माला नोकरीला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. सांगलीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत तो कारखाना होता. औषधांच्या गोळ्यांमध्ये पुढं जाणारी रसायनं तिथं तयार व्हायची. ती एम.एस्सी. करून प्रयोगशाळेत लागली होती आणि मोठ्या भट्ट्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकणारी एकटीच मुलगी होती. आपल्या शब्दावर कुणी माणूस ठेवून घेईल असं तिला वाटत नव्हतं. पण वीरधवल निकम सरांना विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुझा माणूस आहे ना? मग आण."

निकम सर उत्पादन विभागाचे प्रमुख. कराडकडचे, सुभेदाराचे चिरंजीव, ताठ चालायचे. रेश्माला काम शिकवलं ते त्यांनी. पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला धुराड्याच्या कपाटासमोर उभं केलं, काच खाली ओढली आणि आतल्या काचपट्टीवर एका बाटलीतला एक थेंब सोडला. थेंब पाण्यासारखा दिसत होता. मग लांब चिमट्यात ओला कापूस धरून त्यांनी तो थेंबाजवळ नेला. कापूस टेकायच्या आधीच थेंबातून पांढरा धूर उठला आणि कपाटाच्या पंख्यानं तो वर ओढून घेतला.

"बघितलंस? नुसत्या ओलाव्यानं एवढं होतं. पाणी पडलं तर काय होईल, विचार कर."

ते होतं ट्रायमिथाइल क्लोरोसिलेन. कारखान्यात सगळे त्याला सिलेन म्हणायचे. दिसायला निव्वळ पाणी, पण वजनाला पाण्याहून हलकं आणि वासाला नाक जाळणारं. सत्तावन्न अंशांवर उकळणारं, त्यामुळे उन्हाळ्यात ड्रमचं बूच सोडतानाही जपावं लागायचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जायची आणि लांबच्या ठिणगीनंही पेटायची. पाण्याशी गाठ पडली की त्यातून आम्लाचा वायू सुटायचा, तोही इतक्या जोरानं की बंद भांडं फुटावं. म्हणून त्याचे ड्रम कोरड्या शेडमध्ये, आत नायट्रोजन भरून ठेवलेले. शेडच्या दारावर आगीसाठी कोरड्या भुकटीची नळकांडी होती आणि पाण्याची नळी मुद्दाम दूर ठेवली होती.

रेश्माला ते रसायन आवडायचं, हे ती कुणाला सांगायची नाही. औषधाचा रेणू तयार करताना त्याच्या एका टोकावर काम करायचं असतं, तेव्हा दुसरं टोक मध्येच तोंड घालतं. सिलेन त्या दुसऱ्या टोकावर जाऊन बसतं आणि ते झाकून टाकतं. काम झालं की त्याला सहज उतरवता येतं. मागं काही उरत नाही.

हे सगळं कामगारांना कळावं म्हणून तिनं चार पानांची सूचनापत्रिका मराठीत लिहिली. कंपनीची इंग्रजी पत्रिका होती, पण ती कुणी वाचत नव्हतं. दर शनिवारी ती शेडबाहेर कामगारांना गोळा करून एकेक मुद्दा सांगायची. टोक झाकण्याचा मुद्दा आला तेव्हा मागून कोंडीबा म्हणाला, "म्हंजी मुसकं म्हणा की. कोळपताना बैलानं पिकात तोंड घालू नये म्हणून बांधतो त्ये."

सगळे हसले. रेश्मा पण हसली आणि तिनं मुसक्याचं वाक्य पत्रिकेत घातलं.

त्या पत्रिकेतला सगळ्यात लांब मुद्दा रिकाम्या ड्रमचा होता. ड्रम रिकामा केला तरी तळाशी अर्धा-एक लिटर सिलेन राहतंच. आधी नायट्रोजनच्या दाबानं ते ढकलून काढायचं, मग कोरड्या टोल्युइन द्रावकानं ड्रम विसळायचा, मग ते सगळं सोड्याच्या पाण्याच्या टाकीत, धूर शोषणारं यंत्र चालू ठेवून, थोडं थोडं मुरवायचं. ड्रममध्ये पाण्याची नळी कधीही घालायची नाही. एका ड्रमला अर्धा दिवस जायचा. कोंडीबाला वाचता येत नव्हतं, पण हा मुद्दा त्याला तोंडपाठ होता. नव्या माणसाला तो दटावायचा, "मानसाच्या अंगावर सांडलं तर पानीच पानी वत. ड्रमात मातूर थेंब न्हाई. ध्यानात ठिव गड्या."

दर महिन्याला प्रशिक्षणाच्या कार्डावर रेश्मा सही करायची आणि तो शेजारी अंगठा उठवायचा. तिच्या सहीतला 'र'चा फाटा लांब डावीकडे जायचा. "ह्यो तुमचा कोंबड्याचा तुरा," असं तो म्हणायचा.

सप्टेंबरात परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कारखाना तपासायला येणार होती. शुक्रवारी. त्या आठवड्यात जो तो धावत होता. भिंतींना रंग लागला, फलक बदलले. मागच्या यार्डात सिलेनचे एकवीस रिकामे ड्रम साठले होते, कारण धूर शोषणारं यंत्र दोन आठवडे दुरुस्तीला पडलं होतं. रेश्मानं दोनदा आठवण केली होती. "होईल," एवढंच सर म्हणाले होते.

सोमवारी दुपारी ती यंत्रावर एक नमुना लावून बसली होती, दोन्ही हातांत मोजे. निकम सर फाइल घेऊन आले.

"तपासणीवाल्यांना चार-चार पानं नकोत. प्रत्येक विभागाची एक पानाची सूचना हवी, भिंतीवर लावायला. तुझ्याच पत्रिकेवरून थोडक्यात करून घेतलीय. सही कर."

"बघते सर, एवढं रीडिंग झालं की."

"अगं, छपाईवाला खाली थांबलाय. अशी सहा पानं आहेत. इथं, इथं."

त्यांनी फाइल तिच्यापुढं धरली. तिनं उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि सहा ठिकाणी सह्या केल्या. रीडिंग चालूच होतं. नजर पडद्यावरच होती. पानावर काय आहे ते तिनं वाचलं नाही, कारण फाइल निकम सरांनी धरली होती.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मागच्या यार्डातून धाडकन आवाज आला. मोठा स्फोट नव्हे. पत्र्यावर कुणी घण घातल्यासारखा. रेश्मा खिडकीशी गेली. यार्डावर पांढरा ढग बसला होता आणि वारं नसल्यानं तो जागचा हलत नव्हता. ढगातून दोन माणसं खोकत बाहेर आली. तिसरं कुणी आलं नाही.

तिनं मुखवटा चढवला आणि पळाली. आत शिरली तेव्हा तिला आधी पाण्याची नळी दिसली, जमिनीवर सापासारखी वळवळत असलेली. मग कोंडीबा. गुडघ्यांवर बसून तो दोन्ही हातांनी डोळे दाबत होता. ड्रमच्या तोंडातून अजून धूर फसफसत होता. तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढलं, भिंतीच्या पलीकडच्या फवाऱ्याखाली नेलं, त्याचा शर्ट फाडून काढला आणि डोळे धुण्याच्या नळाखाली त्याचं डोकं धरलं.

"मामा, डोळे उघडा! मिटू नका!"

त्याला ते जमेना. तिनं बोटांनी त्याच्या पापण्या ताणून धरल्या. तो ओरडत होता, तिला ढकलत होता, एकदा त्याचं कोपर तिच्या हनुवटीवर बसलं. तिनं सोडलं नाही. वीस मिनिटं धुवायचं असतं आणि तिनं घड्याळाकडं बघत वीस मिनिटं धुतलं. तोवर रुग्णवाहिका आली.

सांगलीच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा वाचेल, डाव्याच्या बुबुळाची काच पांढरी पडलीय. छाती आत्ता बरी वाटतेय, संध्याकाळी घरी न्या. रेश्मा म्हणाली, न्यायचं नाही. ह्या वायूनं फुप्फुसात पाणी भरतं ते काही तासांनी भरतं. डॉक्टरांना तिचं बोलणं आवडलं नाही, पण त्यांनी ठेवून घेतलं. संध्याकाळी कोंडीबाला खरंच श्वास लागला आणि त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. जतहून आलेली त्याची बायको बनुबाई दाराशी उकिडवी बसली होती. रेश्माला बघून तिनं तिच्या आम्लानं विटलेल्या ओढणीला हात लावला आणि तसाच कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी रेश्मा थेट निकम सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, सिलेनच्या ड्रममध्ये नळी कुणी घालायला सांगितली?"

त्यांनी खुर्चीकडं बोट केलं. ती बसली नाही. मग त्यांनी खणातून एक चकचकीत पान काढून टेबलावर ठेवलं. भिंतीवरचंच होतं ते. कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग होते. वर ठळक अक्षरांत 'सिलेन विभाग : सुरक्षा सूचना'. एकूण आठ मुद्दे. सातवा असा होता : 'सर्व रिकामे ड्रम पाण्याने स्वच्छ धुऊन यार्डात उलटे ठेवावेत.' त्याच्या खाली 'तयार करणार', आणि तिथं तिची सही. तुऱ्यासकट.

रेश्मानं ती ओळ तीनदा वाचली.

"हे माझ्या पत्रिकेत नव्हतं."

"सगळ्या विभागांचा मजकूर टायपिस्टनं एकच टाकला असणार. इतर ड्रम पाण्यानंच धुतात ना."

"तुम्ही म्हणालात, माझ्या पत्रिकेवरून केलंय."

"मी वाचलं नाही गं. मला वाटलं, तू वाचशील. सही तुझी आहे." ते पुढं झुकले. आवाज नेहमीसारखाच समजुतीचा होता. "हे बघ, चूक झाली. माणसाकडून होते. तू एक पत्र दे, की नजरचुकीनं राहिलं. राजीनामा दे. मी वरच्यांशी बोललोय, तुझ्यावर काही येऊ देणार नाही. चांगलं शिफारसपत्र देतो."

"माझी चार पानं कुठं आहेत?"

"भिंतीवरून काढली. तपासणीसाठी."

"आणि कॉम्प्युटरवरची?"

त्यांनी चिकटपट्टीचा डाग नखानं खरवडला. तिच्या लक्षात आलं की ते तिच्याकडं बघत नव्हते, टेबलावरच्या पानाकडं बघत होते. पाच वर्षांत त्यांनी तिच्याशी बोलताना कधी नजर काढून घेतली नव्हती. त्यांच्या घरी ती कितीदा जेवली होती. त्यांच्या आईनं तिला कराडच्या बाजारातून साडी घेतली होती. पहिल्या वर्षी शेडमधल्या कुणी तिच्यावर काही बोललं, तर सरांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. हा माणूस रात्रभर बसून ठरवतो की बोट कुणाकडं दाखवायचं, आणि ते आपल्याकडं दाखवतो, हे तिला केबिनमध्ये उभी असतानाही खरं वाटेना. ती पत्र न देता बाहेर पडली.

शनिवारी कारखाना निरीक्षक बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक, फार न बोलणाऱ्या. त्यांनी यार्ड बघितलं, बंद पडलेलं यंत्र बघितलं, ते चकचकीत पान उलटसुलट करून बघितलं. "मंजूर करणाऱ्याची सही नाही ह्यावर," असं म्हणून त्यांनी ते पिशवीत घातलं. मग रेश्माला समोर बसवून त्यांनी कोंडीबाचा इस्पितळात घेतलेला जबाब वाचून दाखवला.

'बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता सरगर मॅडम यार्डात आल्या. त्यांनी मला सिलेनचे ड्रम पाण्याने धुण्यास सांगितले. त्या वेळी दुसरे कोणीही अधिकारी हजर नव्हते.'

"ह्यावर काय म्हणायचंय?"

रेश्मानं कागद ओढून घेतला आणि खालचा अंगठा बघितला. निरीक्षक बाईंनी पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "सोमवारपर्यंत लेखी द्या. मी दोनपर्यंत कार्यालयात आहे."

रविवारी ती इस्पितळात गेली. कोंडीबाला शुक्रवारी साध्या वॉर्डात आणलं होतं. डाव्या डोळ्यावर पट्टी, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. बनुबाई खाली बसून मोसंबी सोलत होती. रेश्माला बघून कोंडीबानं तोंड भिंतीकडं वळवलं, आणि तेवढ्यावरून तिला कळलं की जबाब चुकून लिहिला गेलेला नाही.

"मामा, बुधवारी मी यार्डात आले होते?"

"कागदावर तुमची सही व्हती."

"कागदाचं नंतर बोलू. मी आले होते का?"

बनुबाईचे हात थांबले. "आवं, बोला की. का गप बसलायसा?"

"न्हाई," कोंडीबा म्हणाला. "तुमी न्हवता."

"मग कोण होतं?"

"निकम सायब. मी एकटाच व्हतो तवा, बाकीचं दोघं मागनं आलं." तो श्वासासाठी थांबला. "म्हनलं, दुपारपतूर यार्ड मोकळं पायजे. मी म्हनलं, सायब, ह्यात पानी घालत न्हाईत, मॅडमनी सांगितलंय. तर त्येनी भितीवरचं पान दावलं. म्हनलं, तुझ्या मॅडमनंच बदललंय, बघ. मला वाचाय कुठं येतंय? पर तुमची सही वळखतो मी. त्यो तुरा बघितला आन् नळी घातली."

तीन वर्षं दर शनिवारी रेश्मानं ओरडून सांगितलेलं सगळं तिच्याच सहीनं पुसलं होतं.

"मग हेच का नाही सांगितलंत? साहेब तिथं नव्हते असं का सांगितलंत?"

"शुक्कीरवारी सायब हितं येऊन बसलं तासभर. म्हनलं, दवाखान्याचं कंपनी बघंल. डोळा गेला तरी गेटवर ठिवू, पर्मनंट. फकस्त मी तिथं व्हतो म्हनू नगंस. मॅडमचं कागदावर हायच, तिचं काय आता वाचनार न्हाई."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

आता तो वळला. उघड्या डोळ्यात लाली होती. "तुमी शिकल्याल्या हायसा. तुमास्नी धा नोकऱ्या घावतील. पाठ गेलेल्या, एका डोळ्याच्या मानसाला कोन ठिवील? तुमीच सांगा. मेंढरं बी न्हाईत आता."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ती जास्त चिडली.

"वीस मिनिटं तुमच्या डोळ्यांत पाणी मारत होते मी, मामा."

हे बोलायचं नाही असं ठरवून ती आली होती. कोंडीबानं मान हलवली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "न्हाईतर दोन्ही गेलं असतं."

ती वॉर्डाबाहेर पडली. जिन्यापाशी मागून बनुबाई आली, पदरानं हात पुसत.

"पोरी, सायब काय बोलला ते मी माझ्या कानानं ऐकलंय. हितंच बसले व्हते. त्या बाईस्नी जाऊन सांगू का मी?"

रेश्माला 'हो' म्हणायचं होतं. उद्या सकाळीच चला, रिक्षानं नेते, असं म्हणायचं होतं. पण बनुबाई सांगेल तर कोंडीबाची गेटवरची नोकरी जाईल, हे तिलाही कळत होतं आणि बनुबाईलाही.

"तुम्ही ठरवा, मामी. सोमवारी दोनपर्यंत त्या बाई कार्यालयात आहेत."

"येते," बनुबाई म्हणाली. "देवाच्यान येते."

त्या संध्याकाळी विश्रामबागच्या खोलीवर रेश्मानं जबाब लिहिला. वडिलांनी, आकारामनी, फोन केला, तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. पलीकडं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मग ते म्हणाले, "सही तुजीच हाय न्हवं?"

"व्हय, दादा."

"वाचली न्हवतीस?"

"न्हाई."

"मग आधी त्ये लिव. बाकीचं मागनं."

तिनं तसंच लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात, की मी पान न वाचता सही केली, ही माझी चूक आहे. मग पुढचं सगळं, तारखेवार : बंद यंत्र, साठलेले ड्रम, दोनदा केलेली आठवण, फाइल घेऊन कोण आलं, यार्डात कोण होतं असं कोंडीबा तिला म्हणाला.

सोमवारी अकरा वाजताच ती कार्यालयात जाऊन बसली. निरीक्षक बाईंनी जबाब पूर्ण वाचला आणि चष्मा काढला.

"पहिला परिच्छेद लिहिलाच पाहिजे असं नाही. हा ठेवलात तर तुमच्यावरही येईल."

"येऊ दे मॅडम."

"आणि शेवटचं सांगोवांगीचं आहे. ज्याच्या तोंडचं म्हणून तुम्ही लिहिलंय, त्यानं मला उलट सांगितलंय. दुसरं कुणी आहे?"

"एक बाई येणार आहेत."

"बसा मग."

ती बाकावर बसून राहिली. बारा वाजले, एक वाजला. जिन्यात पावलं वाजली की ती मान वर करायची. एकदा खरंच नऊवारीतली एक बाई आली, पण ती दुसऱ्याच कामाला आली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी शिपायानं दाराला कडी घातली. निरीक्षक बाई खाली उतरताना तिच्यापाशी थांबल्या, त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला आणि गेल्या.

अहवाल दीड महिन्यानं आला. यंत्र बंद असताना ड्रम साठवले, मंजुरी नसलेली सूचना भिंतीवर लावली, ह्यासाठी कारखान्यावर खटला भरायची शिफारस होती. व्यवस्थापक म्हणून सरकारदरबारी नाव दुसऱ्याच एका गृहस्थांचं होतं, त्यांच्यावर ठपका आला. सूचना न वाचता सही केल्याचा ठपका रेश्मा सरगर ह्यांच्यावर. वीरधवल निकम ह्यांचं नाव चौदा पानांत एकदाही नव्हतं. त्यांची कंपनीच्या मोठ्या कारखान्यात बदली झाली. जाताना त्यांनी तिला फोन केला होता. तिनं उचलला नाही. मग संदेश आला, 'तुझं भलंच चिंतलं होतं.' तो तिनं पुसला नाही. का पुसला नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

कारखान्यानं काढून टाकल्यावर तिला एका कॉलेजात तासांवर शिकवायचं काम मिळालं. कोंडीबा म्हणाला होता तशा दहा नोकऱ्या काही आल्या नाहीत. दोन ठिकाणी मुलाखत चांगली झाली आणि मग अहवालाबद्दल विचारणा झाली. तिसऱ्या ठिकाणी तिनं स्वतःच आधी सांगून टाकलं आणि तिथूनही उत्तर आलं नाही.

जानेवारीत अनुभवाचा दाखला आणायला ती कारखान्यात गेली. गेटवर खाकी गणवेशात कोंडीबा होता. डाव्या डोळ्यावर काळी काच. गाडीचा आवाज ऐकून तो पुढं आला, चेहरा जवळ येईपर्यंत त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखल्यावर हातातली वही त्यानं तशीच धरून ठेवली.

"नाव सांगा," तो शेवटी म्हणाला. मग स्वतःच ओशाळला. "म्हंजी, हितं लिवावं लागतंय."

तिनं नाव लिहिलं. कुणाला भेटायचं, वेळ. तो जवळच उभा होता, श्वासाची शिट्टी अजून होती.

"छाती कशी आहे?"

"थंडीत धरती." तो थांबला. "बनी त्या दिशी निघाली व्हती. येष्टी-स्टँडपतूर गेली. मी फोन केला, तवा माघारी आली. तिला बोल लावू नगा. मीच बोलीवलं."

रेश्मानं पेन वहीत ठेवलं. आकारामनी त्याच्याशी बोलणं टाकलंय, हे तिला ठाऊक होतं. गावच्या जत्रेत त्याला बघून ते उठून गेले होते. कोंडीबानं खुर्चीखालून थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतला.

"चा घ्या की. गरम हाय."

"नको, मामा," ती म्हणाली, आणि आत गेली.

दाखला मिळायला अर्धा तास लागला. परतताना त्यानं गेट उघडून सलाम ठोकला, सगळ्यांना ठोकतो तसा. तिनं गाडी थांबवली नाही. पण 'मामा' हा शब्द तोंडातून गेलाच होता, आणि विश्रामबागचा चौक येईपर्यंत ती स्वतःवर चिडत राहिली.